पाटावरून उठल्याचा खुलासा

कुरुळी,
रविवार, दुपारचं जेवण (उभ्याने) उरकल्यावर

श्रीमान दौलतराव व्याही, राजगुरुनगर, यांना कुरुळीच्या नवनाथचा उभ्याने केलेला नमस्कार. खरं तर साष्टांगच घालणार होतो, आपला मान तेवढा आहेच. पण मी एकदा जमिनीवर गेलो की परत उभं करायला दोन माणसं लागतात आणि आज घरात आमची ही, कस्तुरा, एकटीच आहे. तीही आपल्यावर रागावलेली. तेव्हा उभ्याचाच गोड मानून घ्यावा.

विहीणबाई सुभद्राबाईंची तब्येत उत्तम असेल. जावईबापू ज्ञानेशराव चाकणला वेळेवर कामावर जातात, हे मला माहीत आहे, कारण आमच्या कंपनीच्या गेटासमोरून त्यांची मोटारसायकल जाते आणि हल्ली ती तिथे जरा जास्तच वेगात जाते. आमची निशिगंधा आठव्या महिन्यात आपल्याकडे सुखात आहे, हे आम्हाला तिच्या मोबाइलवरच्या स्टेटसवरून कळतं. कांद्याचा भाव कसा आहे? चढा असेल तर आपण खुशीत असाल, पडला असेल तर हे पत्र आडतीवरच्या पावत्यांच्या सळईत खोचून टाकाल. (दोन्ही परिस्थितींत शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.)

आपण फोन उचलत नाही, याबद्दल माझी काही तक्रार नाही. मार्केटात गलका फार असतो. तो रात्री जेवणाच्या वेळीही असतो, हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच. म्हणून पत्र लिहितोय. फ्रिजवर कागद ठेवून लिहितोय, त्यामुळे अक्षर मधूनमधून थरथरेल. तो मोटरचा दोष आहे, माझ्या मनात काही नाही.

मागच्या आठवड्यात ज्ञानेशरावांकडून निरोप आला, की निशिगंधाचं बाळंतपण राजगुरुनगरलाच होईल, न्यायला येण्याची कोणी तसदी घेऊ नये. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आजवर आपल्याही घराण्यात पाळली गेली. पण रीतीचं काय, माणसं बदलतात तशा त्याही बदलतात. मी त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. कस्तुराने आतल्या खोलीत पाळण्यासाठी छताला हूक ठोकून घेतलाय. डिंक, खारीक, अळीव डब्यांत भरून झालंय. त्या हुकाला आम्ही पंखा टांगू आणि डिंकाचे लाडू मी खाईन, माझ्याही हाडांना गरज आहेच. तो मुद्दाच नाही. मुद्दा असा, की ओटीभरणाच्या दिवशी मी आपल्या पंगतीतून अर्ध्यात उठलो, त्यावरून हे सगळं झालं, असं कानावर आलंय. आमच्या कंपनीत कामगाराने शिस्त मोडली की त्याच्याकडून लेखी खुलासा मागवतात. आपण मागवला नाहीत, हा आपला मोठेपणा. मी आपणहून देतोय.

त्या दिवशी आपण मला आपल्या शेजारचा पाट दिलात. चांदीची फुलं ठोकलेला. असला पाट आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिला नव्हता आणि मीही तो फार वेळ पाहिला नाही, कारण लगेच त्याच्यावर बसावं लागलं. चांदीची फुलं दिसायला फुलं असतात, दौलतराव, बसणाऱ्याला ते खिळेच. तरी मी बसलो. वरणभात गेला. मासवडी आली. मासवडी आणि तिचा तो तांबडा रस्सा, असा आमच्या धाराशिवकडे जन्मात मिळायचा नाही, हे मी रडत रडत म्हणालो होतो. आपल्याला वाटलं तिखट लागलं. मी तेव्हा डाव्या बाजूला इतका कललो होतो, की पलीकडच्या पाहुण्यांच्या ताटातली कोशिंबीर मला माझी वाटू लागली होती. आणि नेमकं त्याच वेळी आपण हातात पुरणपोळीचा घास घेऊन माझ्याकडे वळलात. सगळी पंगत बघत होती. विहीणबाई तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या. आपण हात पुढे केलात आणि मी उठलो.

आपला हात हवेत राहिला, हे मी पाहिलं. ओसरीच्या खांबाला धरून उभा असताना मला दुसरं काही दिसतच नव्हतं. मग आपण बाहेर येऊन विचारलंत, "का ओ पाव्हणं, आमचं अन्न गोड लागंना व्हय?" आणि मी म्हणालो, कंपनीतून अर्जंट फोन आला. माझा फोन त्या वेळी ज्ञानेशरावांच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता आणि हे त्यांनी सगळ्यांसमोर, मला मदत व्हावी म्हणून, तो आणून देऊन सिद्ध केलं. गुणी मुलगा आहे.

आता आमच्या घरातलं मत सांगतो. ते माझं नाही. कस्तुराचं मत असं, की मी दिवाळीचं उट्टं काढलं. दिवाळसणाला आपण निशिगंधाला आणि जावईबापूंना गाडीतून घेऊन आमच्याकडे आलात. कस्तुराने सोफ्याला नवी खोळ घातली होती. तिने स्वतः शिवलेली, मोरांची. आपण आलात, कॅलेंडरापुढे उभे राहिलात, चहा उभ्याने घेतलात, फराळाची बशी हातात धरून खिडकीतून पलीकडच्या गोडाउनचा पत्रा पाहिलात आणि म्हणालात, "बसाया सवड न्हाई, मार्केटात गाडी लागलीय." पाडव्याच्या दिवशी. (पाडव्याला मार्केट बंद असतं, हे कुरुळीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण आम्ही बोललो नाही.) आपण गेल्यावर कस्तुरा त्या मोरांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आपल्या सोफ्यावर काय काटं उगवल्यात का ओ? बारा पाहुणे येतेत, सगळे बसतेत. ह्यांनाच जड झालं." तेव्हापासून तिच्या हिशेबी आपण आमच्या घरी टेकला नाहीत आणि मी आपल्या घरी घास घेतला नाही, म्हणजे फिट्टंफाट. मी तिला सांगितलं, एवढं डोकं मला असतं तर मी फोर्कलिफ्ट चालवत बसलो असतो का.

आणि इथेच खरा खुलासा सुरू होतो, कारण माझं सगळं दुःख त्या चालवत बसण्यातलंच आहे. आपण म्हणाल, बसून काम म्हणजे आराम. आपणही आडतीच्या गादीवर दिवसभर मांडी घालून बसता, म्हणून आपल्याला तसं वाटणं साहजिक आहे. पण फोर्कलिफ्टवर माल उचलला की पुढचं काही दिसत नाही, म्हणून गाडी मागे मागे न्यायची असते. मान वळवून, कंबर पिळून, उजव्या अर्ध्या अंगावर सगळा भार टाकून. माझी निम्मी नोकरी उलट्या दिशेने झालीय. त्यातून मागच्या पावसाळ्यात दुखणं सुरू झालं. उजवीकडे. पाठ जिथे संपते आणि माणूस ज्या भागावर टेकतो तो भाग जिथे सुरू होतो, त्या शिवेवर.

त्या भागाचं नाव मी आपल्याला लिहू शकत नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत ते नाव कौतुकाने घेतात, मोठ्या माणसाच्या बाबतीत फक्त भांडणात. व्याह्यांशी भांडण अजून व्हायचंय (असं मी धरून चालतो), म्हणून ते नाव राहू द्यावं. आपल्यालाच नव्हे, मी ते कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरला नाही. मी सगळीकडे म्हणालो, कंबर. कंबर कशी सभ्य आहे. लावणीत चालते, कीर्तनात चालते, सासुरवाडीत चालते. कंबर दुखते म्हटलं की लोक हळहळतात, दुसरं नाव घेतलं की हसतात. मला हळहळ हवी होती. ती भरपूर मिळाली आणि तिच्याबरोबर कमरेचे उपचार मिळाले.

पहिला उपचार आमच्या चौकातल्या डॉक्टरांचा. त्यांनी कंबर हा शब्द ऐकताच मागे न बघता फळीवरून पट्टा काढला. त्यांच्याकडे पट्ट्यांची चळतच असते, चाकणमध्ये कंबर नसलेला माणूस विरळा. पट्टा मी गणवेशाच्या आतून बांधला. त्याने कंबर अशी आवळली की शिल्लक राहिलेलं सगळं दुखणं खाली, म्हणजे मूळच्या मुक्कामी, गोळा झालं. पट्टा जिथे संपत होता तिथे माझी तक्रार सुरू होत होती. पण डॉक्टरांनी विचारलं, पट्ट्याने कमरेला बरं वाटतं का? वाटत होतं. तिला काही झालंच नव्हतं.

दुसरा उपचार कस्तुराने शोधला. ती मोशीच्या ज्या बाईंकडे शिवणाचं काम नेऊन देते, त्यांची मुलगी वर्षाली पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली, निघाली. पायाळू माणसाने लाथ घातली की कमरेतली उसण निघून जाते, हे आपल्याला माहीत असेलच. जुन्या काळी असली माणसं गावात मिळायची. आता ती मोठ्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहतात आणि हिंजवडीच्या कंपनीचं काम घरून करतात. रविवारी सकाळी उपाशीपोटी मी त्यांच्या गॅलरीत भिंतीला हात टेकून, पाठ करून उभा राहिलो. मुलगी गुणाची. कानात ते बोलायचं यंत्र लावूनच आली, कारण तिची परदेशातल्या साहेबांबरोबर मीटिंग चालू होती. तिने विचारलं, "काका, नेमकी कुठे मारू?" तिची आई उभी, कस्तुरा उभी, समोरच्या गॅलरीत कोणी कपडे वाळत घालत होतं. मी म्हणालो, कंबर. तिने यंत्रातल्या साहेबांना इंग्रजीत एक मिनिट थांबायला सांगितलं आणि लाथ घातली. मग वडीलधाऱ्याला पाय लागला म्हणून लगेच वाकून पाया पडली. मी "सुखी राहा" म्हणालो, ते कोणत्या आवाजात, ते मलाच ठाऊक. पुढे बरेच दिवस माझी कंबरही खरोखर दुखत होती. निदान मी लोकांशी खोटं बोलतोय, ही बोचणी तेवढी गेली.

तिसरा उपचार म्हणजे पिंपरीला नेऊन पाइपात घातलं आणि आतून कमरेचे फोटो काढले. आत इतका खडखडाट असतो, की मला आमच्या प्रेस शॉपमध्ये असल्यासारखं वाटून झोप लागली. रिपोर्ट आला, मणक्यांत वयोमानानुसार बदल दिसतात. एवढं अजस्र यंत्र लावून त्यांनी माझं वय ओळखलं. आधारकार्डावर होतं की.

मग प्रकरण कंपनीत गेलं. आमच्या लाइनवर भीमराज म्हणून माझा जुना दोस्त आहे, तो आमच्या क्वालिटी सर्कलचा म्होरक्या. क्वालिटी सर्कल म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला हवं. पाचसहा कामगार आठवड्यातून एकदा जमतात, कामातली एखादी अडचण फळ्यावर लिहितात आणि ती का येते, असं पाच वेळा विचारतात. पाचव्या 'का'ला जे उत्तर येईल ते मूळ कारण. ही जपानी लोकांची पद्धत आहे. (त्यांच्याकडे व्याही नसावेत.) वर्षाच्या स्पर्धेसाठी यांना विषय सापडत नव्हता, आणि मी कण्हत होतो. भीमराजने फळ्यावर लिहिलं, 'ऑपरेटरची कंबरदुखी'. का दुखते? तो बसून असतो. का बसून असतो? फोर्कलिफ्ट चालवतो. का चालवतो? नोकरी सोडता येत नाही. का सोडता येत नाही? मुलीचं लग्न केलंय, सणवार चालू आहेत. इथे सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाचव्या 'का'ला उत्तर 'व्याही' येणार, हे सगळ्यांना दिसत होतं. भीमराज समजूतदार माणूस. त्याने दुसऱ्या 'का'वर परत जाऊन मूळ कारण ठरवलं, गाडीची सीट.

सीटचा स्पंज बदलला. चिंचवडच्या सभागृहात स्पर्धा झाली. आमच्या सर्कलने नाटुकलं केलं, त्यात भीमराज माझं काम करत होता आणि माझ्यापेक्षा छान कण्हत होता. शेवटी पडद्यावर आलेख दाखवला. सीट बदलण्याआधी दुखणं वर, बदलल्यानंतर शून्य. मी पहिल्या रांगेत एका बाजूवर बसून टाळ्या वाजवत होतो. दुसरा नंबर आला. बक्षीस म्हणून प्रत्येकाला एकेक खुर्ची मिळाली. ती आमच्या दारात आहे, तिच्यावर मी बूट ठेवतो. पण खरी पंचाईत वेगळीच झाली. कंपनीच्या लेखी माझं दुखणं आता शून्य आहे. हलकं काम मागायला गेलो तर साहेब म्हणाले, "अहो नवनाथ, तुमची केस तर आम्ही दुसऱ्या प्लँटला दाखवतो." म्हणजे बक्षीस परत केल्याशिवाय मला दुखायचीही सोय राहिली नाही.

आपल्या घरचं ओटीभरण झालं ते या सगळ्यानंतर. तिथे काय झालं, ते वर लिहिलंच आहे. दुसऱ्या दिवशी कामावर मला गाडीतून उतरताना पाहून भीमराज जवळ आला आणि म्हणाला, "भावा, तू तोंडाने कंबर म्हणतोस आणि तुझा हात मागं भलतीकडंच असतो. इतके दिवस मी कशाचं नाटक केलं रे?" त्याची मुलगी मैत्री हिचा गुडघा सांगवीच्या ज्या बाईंनी बरा केला, त्यांच्याकडे त्याने मला नेलं. योगिनीबाई फिजिओथेरपिस्ट आहेत. खोली लहान, मध्ये पडदा, दोन बाजूंना दोन खाटा. मी सवयीने म्हणालो, कंबर. त्या म्हणाल्या, "हात फिरवू नका. एका बोटाने दाखवा." दौलतराव, पूर्ण पंजा फिरवून माणूस काहीही दडवू शकतो, एक बोट ठेवायचं म्हणजे अवघड असतं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि बोट ठेवलं. त्यांनी तिथेच अंगठा दाबला आणि मी जे ओरडलो ते ऐकून बाहेर बसलेला भीमराज टाळ्या वाजवायला लागला.

त्या म्हणाल्या, कणा खाली येऊन खुब्याच्या मोठ्या हाडांशी जिथे जुळतो तिथे दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो, त्यातला माझा उजवा चिडलाय. पट्टा वर बांधून, कमरेत लाथ घेऊन, पाइपात कमरेचे फोटो काढून तो सापडणार नव्हता. मी विचारलं, बरा कधी होईल? त्या म्हणाल्या, "जुनं दुखणं आहे, एकदम हाकलता येणार नाही. त्याला नांदवायचं." मग नियम सांगितले. एका बाजूवर भार टाकायचा नाही. मागच्या खिशात पाकीट ठेवायचं नाही. (माझ्या पाकिटात गेटपास, आधारकार्ड आणि चार देव होते, ते आता वरच्या खिशात आलेत.) मांडी घालायची नाही. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. पाठीवर झोपून गुडघे उभे करायचे आणि बैठकीचा भाग पुलासारखा वर उचलायचा, तेही सकाळ-संध्याकाळ. आणि कितीही मोठ्या माणसासमोर बसला असाल तरी थोड्या थोड्या वेळाने उठून उभं राहायचं. मी म्हणालो, व्याह्यांसमोर? त्या म्हणाल्या, व्याह्यांसमोर तर नक्कीच. त्यांना आपल्याकडची माहिती नाही, म्हणून बोलल्या.

तीनचार खेपा झाल्यात. आता मी एक चहा बसून पिऊ शकतो, फार गरम नसेल तर. कालही गेलो होतो. पडद्यापलीकडे एक नवा पेशंट आलेला होता, आवाजावरून भारदस्त माणूस. बाईंनी विचारलं, कुठे दुखतं? तोही म्हणाला, कंबर. बाई म्हणाल्या, एका बोटाने दाखवा. पलीकडची खाट कुरकुरली, तो भिंतीकडे तोंड करत असावा. मला त्या अनोळखी माणसाची फार दया आली.

तर असा हा खुलासा. मी उठलो तो रागाने नाही, बदला म्हणून नाही आणि अन्नाला नावं ठेवून तर मुळीच नाही. उठलो कारण बसवत नव्हतं. एवढं एक वाक्य मला त्या दिवशी ओसरीवर बोलता आलं असतं, पण ते कुठे दुखतंय, हा पुढचा प्रश्न आला असता आणि शंभर माणसांत, आपल्यासमोर, मला तो नको होता. बाकी निर्णय आपला. आपण म्हणाल ते आम्हाला मान्य. विहीणबाईंना नमस्कार, ज्ञानेशरावांना आशीर्वाद, निशिगंधाला जास्त वाकू देऊ नये.

आपला,
नवनाथ

ता. क. कस्तुराने पत्र वाचून घेतलं. ती म्हणाली, "एवढं सगळं लिव्हलाव, आन् लेकीला पाठवा, हे कुठं हाय?" खरंच राहिलं. दौलतराव, पोरीला पाठवा. हे मी चेष्टेने लिहीत नाही. काल तिचा फोन आला होता, "मी मजेत आहे" असं तिने तीन वेळा सांगितलं आणि ती मजेत असताना कधीच तसं सांगत नाही. सुभद्राबाई तिला जपतात, यात शंका नाही. पण पहिल्या खेपेला पोरीला भीती वाटते आणि ती भीती सासूसमोर बोलता येत नाही, आईसमोर येते. कोणत्या घरात काय बोलता येत नाही, याचा मला आता बराच अनुभव आहे. पाटाचा आणि सोफ्याचा राग तिच्यावर निघायला नको. आम्ही दोघं दिवसातून दहा वेळा त्या हुकाकडे बघतो.

ता. क. दुसरं. वर मी त्या पडद्यापलीकडच्या पेशंटला अनोळखी म्हटलंय, ते सभ्यतेने म्हटलंय. योगिनीबाईंच्या दारात लाल गोंड्याच्या करकर वाजणाऱ्या कोल्हापुरी चपला होत्या. त्या मी लग्नाच्या मांडवात ऐकल्यात, दिवाळीत आमच्या फरशीवर ऐकल्यात. बाकावर बाईंना द्यायला आणलेली कांद्याची पिशवी होती, एक नंबर माल. आणि "कंबर ओ, दुसरं काय न्हाई" हे ज्या आवाजात आलं, तो आवाज मी जन्मात विसरणार नाही, त्याच आवाजात मला ओसरीवर अन्नाबद्दल विचारलं गेलं होतं. मी माझा पूल अर्धाच बांधून हळूच बाहेर पडलो. आपल्या चपला तुडवल्या जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावरून उडी मारली, ती अजून भोवतेय. राजगुरुनगरला असली बाई मिळणार नाही असं नाही. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून आपण एवढ्या लांब सांगवीला येता, हे मला कळतं. मीही काही दिवस पलीकडच्या खाटेवरच्या माणसांना घाबरत होतो.

बाहेर आल्यावर मला दिवाळी आठवली. कॅलेंडरापुढे उभं राहून आपला उजवा हात मागे कुठे होता, तेही आठवलं. म्हणजे आमच्या सोफ्यावर काटे नव्हते. आपल्या गादीवरही नसावेत, पण तिने काम केलंय. ओटीभरणाला यजमान म्हणून आपण पंगतीत कसे टिकून राहिलात, ते आपल्यालाच ठाऊक. कस्तुराला मी आपलं खरं सांगितलेलं नाही, हे ता. क.ही तिला दाखवलेलं नाही. मी एवढंच म्हणालो, की व्याह्यांची कंबर फार दुखते. ती लगेच विरघळली. "अगं बया, मग बोलायचं न्हाई का माणसानं?" म्हणाली आणि मोरांच्या उरलेल्या कापडाची, मधून पोकळ ठेवलेली एक उशी शिवायला बसली. आपल्यासाठी. माझ्यासाठी इतक्या महिन्यांत तिने तशी शिवली नव्हती.

ता. क. शेवटचं, आणि खरं पत्र एवढंच. येत्या रविवारी निशिगंधाला घेऊन आपण स्वतः या. निशिगंधा आणि विहीणबाई सोफ्यावर बसतील. आपल्याला "बसा" असं या घरात कोणी म्हणणार नाही, ही माझी जबाबदारी. येताना पुरणपोळी आणा. आपला तो घास हवेत राहिलाय, तो माझा आहे आणि मला हवा आहे. मी गॅलरीत तोंड उघडून उभा असेन, आपण उभ्याने भरवा. कोणी विचारलंच तर सांगू, दोघांचीही कंबर दुखते.